डॉबरमनचं काळीज

डॉबरमन म्हटलं की मराठी माणसाला आधी फाटक आठवतं. लोखंडी फाटक, त्यावर 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पत्र्याची पाटी, पाटीवर उभ्या कानांचं काळं मुंडकं आणि आत कुठेतरी साखळी ओढल्याचा आवाज. ऐंशी-नव्वदच्या दशकांत पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात ज्यानं बंगला बांधला त्यानं पाठोपाठ डॉबरमन आणला. पामेरियन हौसेला, अल्सेशियन ऐटीला आणि डॉबरमन धाक बसवायला, अशी त्या काळातली सरळ वाटणी होती. अशा फाटकाशी आलं की पेपरवाला पेपर दुरूनच भिरकावायचा आणि शाळेतून घरी निघालेली पोरं रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं जायची.

पुढे बंगले पडले, तिथं इमारती उठल्या, पाटीची जागा कॅमेऱ्यानं घेतली. डॉबरमन मात्र संपला नाही. त्याची बदली गावाबाहेर झाली. मुळशी, पानशेत, कर्जत, अलिबाग या बाजूंना गेल्या काही वर्षांत जी फार्महाऊसं झाली, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी आज तो दिसतो. मालक शनिवारी येतात, रविवारी संध्याकाळी जातात. मधले पाच दिवस कुत्रा, माळी आणि साखळी.

डॉबरमनच्या बाबतीत याहून मोठी चूक करता येणार नाही. ज्यांनी ही जात वर्षानुवर्षं पाळली, शिकवली, तपासली, अशा माणसांशी बोलताना एक गोष्ट प्रत्येकाकडून ऐकायला मिळाली. डॉबरमन जागा राखत नाही, माणूस राखतो. चार एकर जमीन, चिकूची झाडं आणि पाण्याची मोटर यांच्याशी त्याला काही घेणंदेणं नसतं. त्याला त्याचं माणूस लागतं, तेही हाताच्या अंतरावर.

मुळशीकडच्या अशाच एका फार्महाऊसवर चार वर्षांचा काळा-तांबूस नर पाहिला. आंब्याच्या बुंध्याशी बांधलेला. अंग तुकतुकीत, खाण्यापिण्याची आबाळ नाही, पाण्याची बादली भरलेली. पण डाव्या कुशीवर तळहाताएवढा भाग केस जाऊन उघडा पडलेला आणि ओला. आम्ही बघत असतानाच तो वेटोळं करून बसला, मान मागं वळवली, कुशीची कातडी तोंडात धरली आणि पिल्लू आईला लुचतं तसा चोखत राहिला. डोळे अर्धे मिटलेले. माळीदादांनी हाक मारली तरी त्यानं कातडी सोडली नाही.

"रोज असंच करतंय," ते म्हणाले. "आधी वाटलं गोचीड असंल. औषध मारलं, काय फरक न्हाई. रविवारी सायेब सोडत्यात तवा जरा पळतंय, आन् मग सायबाच्या पायापाशी जाऊन पडतंय ते पडतंय. त्या दिवशी मात्र न्हाई चोखत."

ही कुशी चोखण्याची खोड डॉबरमन पाळणाऱ्यांना नवी नाही. काही कुत्रे कुशीऐवजी पांघरूण चोखतात. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी डॉबरमनमधल्या या वर्तनाचा संबंध सातव्या गुणसूत्रावरच्या एका जागेशी, सीडीएच-२ नावाच्या जनुकाशी, जोडून दाखवला. म्हणजे खोड रक्तात असते, फक्त मालकाच्या वागण्यानं लागत नाही. पण ताण, कंटाळा आणि एकटेपणा तिला खतपाणी घालतात, हेही तितकंच खरं. माळीदादांनी शोधनिबंध वाचलेला नाही, तरी रविवारचं त्यांचं निरीक्षण बिनचूक होतं.

हा कुत्रा असा का, याचं उत्तर त्याच्या जन्मकथेत आहे. जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात, वायमारच्या शेजारी अपोल्डा नावाचं गाव आहे. विणकाम आणि घंटा ओतण्याचे कारखाने ही त्याची जुनी ओळख. कोलोनच्या कॅथीड्रलमधली चोवीस टनांची प्रचंड घंटा १९२३ साली याच गावात ओतली गेली. तिथं कार्ल फ्रिडरिश लुई डोबरमान हा गृहस्थ १८३४ साली जन्मला आणि १८९४ साली वारला. करवसुली, रात्रीची गस्त, मोकाट कुत्री पकडणं अशी लोकांच्या शिव्या खायची सगळी कामं त्याच्याकडे. खिशात वसुलीचे पैसे आणि रस्त्यात अंधार, अशा माणसाला सोबत हवी होती. अंगणात बांधलेला कुत्रा त्याच्या काय कामाचा? शेजारून चालणारा, इशारा कळणारा आणि वेळ आली तर पुढे होणारा कुत्रा त्याला पाहिजे होता. गावात कुत्र्यांचा बाजार भरायचा आणि मोकाट कुत्री तर हाताखालूनच जायची. त्यांतून निवडून त्यानं जोड्या लावल्या. नोंदवही ठेवली नाही, त्यामुळे कोणत्या जाती मिसळल्या यावर आजही वाद आहेत. जर्मन पिन्शर आणि रॉटवायलरच्या पूर्वजांचं नाव बहुतेक जण घेतात. मँचेस्टर टेरियर आणि ग्रेहाऊंड यांचं रक्त नंतर आलं असं मानतात. डोबरमानच्या मृत्यूनंतर अपोल्डातल्याच ओटो ग्योलर यानं काम पुढे नेलं आणि १८९९ साली जातीची पहिली संस्था काढली. कुत्र्याला त्या करवसुलीवाल्याचं नाव मिळालं ते असं. रात्री एकट्यानं चालणाऱ्या माणसाचा सोबती म्हणून जो घडवला गेला, त्याला आपण एकटं ठेवतो.

सुरुवातीचे डॉबरमन फार तिखट होते, यात शंका नाही. पुढच्या पिढ्यांत जर्मनीत आणि विशेषतः अमेरिकेत हा तिखटपणा निवडीनं कमी करत आणला गेला. आजचं आंतरराष्ट्रीय जातिमानक वाचलं तर फाटकावरच्या पाटीला धक्काच बसेल. स्वभाव मित्रत्वाचा आणि शांत हवा, कुटुंबाचा लळा हवा, तल्लखपणा मध्यम हवा, चिडण्याची पातळीही मध्यम हवी, असं त्यात लिहिलं आहे. ऊठसूट भुंकणारा, पाहुण्यावर धावून जाणारा डॉबरमन म्हणजे बिघडलेला डॉबरमन. त्याचं कौतुक करणारे मालक आपल्या कुत्र्याचा दोष मिरवत असतात.

चांगल्या स्वभावाचा डॉबरमन कसा वागतो, ते कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये दिसलं. सहा वर्षांची तपकिरी मादी, घरात आजी-आजोबा, सून-मुलगा आणि दुसरीतली नात. बेल वाजवल्यावर दोनच वेळा भुंकली, दणदणीत. दार उघडलं तेव्हा ती नातीच्या आणि दाराच्या मध्ये आडवी उभी होती. तोंड माझ्याकडे, पण नजर आजींकडे. आजी म्हणाल्या, "या हो, बसा. ती एकदा तुमची झडती घेईल, मग विसरून जाईल." तसंच झालं. पिशवी हुंगली, चपला हुंगल्या, मग वळून माझ्याकडे पाठ केली आणि माझ्या पावलावरच बूड टेकून बसली. चाळीस किलोंच्या आतबाहेरचं ते वजन पायावर घेऊन तासभर गप्पा झाल्या. मधे आजोबा बाथरूमला गेले तर उठून दाराशी जाऊन बसली, ते बाहेर आले तेव्हा परत आली. "स्वयंपाक करताना हिच्यात पाय अडकून मी एकदा पडले आहे," आजींची तक्रार. "पण हिला बाहेर काढा म्हटलं की ह्यांना राग येतो."

दोन भुंकण्यांनंतर घरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघणं हेच राखणदारीचं मर्म आहे. कुत्रा स्वतः निर्णय घेत नाही, तुमचा निर्णय विचारतो. त्यासाठी त्याला तुमचा चेहरा वाचता यायला हवा, आणि तो साखळीच्या टोकाला बसून वाचता येत नाही. स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञानं १९९४ साली शिकण्याच्या आणि आज्ञा पाळण्याच्या क्षमतेनुसार कुत्र्यांच्या जातींची क्रमवारी लावली, तीत डॉबरमन पाचवा आहे. एवढी बुद्धी बिनकामाची ठेवली की ती फाटक उघडायला, सोफा फाडायला किंवा स्वतःची कुशी चोखायला लागते.

आता जी समजूत सर्वांत चिवट आहे तिच्याबद्दल. डॉबरमनचा मेंदू वाढत जातो, कवटी पुरत नाही, मग त्याला वेड लागतं आणि तो मालकावरच उलटतो. ही गोष्ट मी डॉक्टरकी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकली आहे. ती साफ खोटी आहे. कोणत्याच कुत्र्याचा मेंदू असा वाढत नाही. दुसरी समजूत, अंधारात कोंडून ठेवलं आणि तिखट खाऊ घातलं की कुत्रा कडक होतो. त्यानं कुत्रा भित्रा होतो आणि पोट बिघडतं. भित्रा कुत्राच आधी चावतो. पिल्लू आठ ते सोळा आठवड्यांचं असताना त्याला माणसं, रिक्षा, फटाके, छत्र्या, लहान मुलं, कुकरची शिट्टी हे सगळं सावकाश आणि न घाबरवता दाखवणं, याला दुसरा पर्याय नाही.

या कुत्र्याच्या निष्ठेचं सर्वांत मोठं स्मारक भारतापासून फार दूर, प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर आहे. १९४४च्या जुलैत अमेरिकी मरीन सैनिक जपान्यांच्या ताब्यातलं हे बेट परत घ्यायला उतरले, तेव्हा त्यांच्यासोबत श्वानपथकं होती आणि त्यांत डॉबरमन पुष्कळ होते. गुहा हुंगायच्या, जंगलात गस्तीच्या पुढे चालायचं, रात्री खंदकात आवाज न करता कान टवकारून शत्रू आल्याचं सांगायचं, ही त्यांची कामं. तिथं पंचवीस कुत्रे कामी आले. त्यांतला पहिला कर्ट. त्यानं वेळीच दिलेल्या इशाऱ्यामुळे अडीचशे सैनिक वाचले असं सांगितलं जातं. पथकाचे अधिकारी आणि पशुवैद्य विल्यम पुटनी यांनी पुढे अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि १९९४ साली तिथं स्मारक उभं राहिलं. वर ब्राँझचा डॉबरमन बसला आहे, खाली पंचवीस नावं कोरली आहेत.

मला या कथेतल्या शौर्यापेक्षा तिचं शेपूट जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या कुत्र्यांतले बहुतेक छावणीत जन्मलेले नव्हते. अमेरिकन कुटुंबांनी आपल्या घरातून काढून दिलेले होते. युद्ध संपलं तेव्हा मरीन दलाकडे वेगवेगळ्या जातींचे मिळून साडेपाचशेच्या आसपास कुत्रे होते. त्यांना पुन्हा माणसांत राहायला शिकवलं गेलं, आणि अतिआक्रमक म्हणून कायमचे बाद ठरले फक्त चार. लढाई पाहून आलेला कुत्रा परत मुलांच्या खोलीत झोपू शकतो, तर मग आपल्याकडच्या बंगल्यांतले कुत्रे 'डेंजर' कशानं झाले, याचा विचार करावा.

आपल्याकडेही त्याची पोलिसी नोकरी जुनी आहे. मुंबईच्या पोलिसांचं श्वानपथक १९५९ साली सुरू झालं ते तीन डॉबरमनवर. राजा, बिंदो आणि कुमार ही त्यांची नावं. वर्तमानपत्रं वाचणाऱ्या प्रत्येकाला ते वाक्य पाठ असेल, 'श्वानाने काही अंतरापर्यंत माग काढला व तेथेच ते घुटमळले.' कितीतरी बातम्यांतलं ते घुटमळणारं श्वान डॉबरमनच असायचं. आरोपी तिथून रिक्षात किंवा एसटीत बसून गेलेला असे, त्याला कुत्रा काय करणार! पुढे स्फोटकांच्या कामासाठी लॅब्रेडॉर आले, आता बेल्जियन मॅलिनॉइसचे दिवस आहेत. पण पथकातल्या कुत्र्याचं आयुष्य पाहिलं तर त्याला ठरलेला हॅण्डलर असतो, सकाळची कवायत असते, काम असतं, शाबासकी असते. फार्महाऊसवरच्या त्याच्या भाऊबंदांना यातलं काहीच नाही.

यानंतर डॉबरमनच्या हृदयाबद्दल बोलायला हवं, आणि जरा सविस्तर. कारण या जातीचा खरा धोका दातांत नाही, छातीत आहे, आणि तो कुत्र्यालाच आहे.

डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, डॉक्टरांच्या बोलण्यातली 'डीसीएम', हा हृदयाच्या स्नायूचा आजार. स्नायू हळूहळू अशक्त होतो, डावा कप्पा फुगत जातो, रक्त पुढे ढकलण्याची ताकद घटते. सोबत, किंवा कधी त्याच्याही आधी, ठोक्यांची लय बिघडते. म्युनिकच्या पशुवैद्यकीय संशोधकांनी ४१२ डॉबरमन काही वर्षं तपासत राहून २०१० साली निष्कर्ष छापले. ५८.२ टक्के कुत्र्यांत आज ना उद्या हा आजार सापडला, आणि वय वाढत जाईल तसं प्रमाण वाढत गेलं. निम्म्याहून जास्त! युरोपातल्या कुत्र्यांचे हे आकडे आहेत. पण आपल्याकडचे डॉबरमन काही वेगळ्या मुळांचे नाहीत. उलट परदेशी बापाचे कागद दाखवूनच इथं पिल्लं विकली जातात.

घात होतो तो पुढेच. हा आजार दोन-दोन, चार-चार वर्षं मुकाट्यानं वाढतो. कुत्रा पळतो, खातो, भुंकतो. स्टेथोस्कोपनं कधी काही ऐकू येतं, पुष्कळदा येत नाही. मग खोकला, दम, पोटात पाणी अशी लक्षणं दिसतात, तेव्हा हातात महिने उरलेले असतात. आणि साधारण तिसरा हिस्सा कुत्र्यांना एवढीही मुदत मिळत नाही. चेंडू आणायला पळालेला कुत्रा वाटेतच कोसळतो. असे मृत्यू आपल्याकडे 'विषबाधा', 'साप चावला', 'कुणीतरी काहीतरी घातलं' या नावांखाली जातात. शेजाऱ्यावर संशय घेऊन वर्षानुवर्षं बोलणं टाकलेली घरं मला माहीत आहेत. शवविच्छेदन कोण करतंय?

मुकेपणी वाढणारा आजार पकडण्याचे दोन मार्ग आहेत, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टूडी इको आणि चोवीस तासांचं होल्टर. पुण्याच्या एका दवाखान्यात होल्टर लावताना पाहिलं. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ पाच वर्षांच्या नराला घेऊन आले होते. छातीच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढ्या जागा वस्तऱ्यानं साफ केल्या, स्पिरिटनं पुसल्या, चिकट इलेक्ट्रोड लावले, वायरी एकत्र करून छोट्या यंत्राला जोडल्या आणि वरून घट्ट जाकीट चढवलं. एवढा सगळा वेळ कुत्रा पुतळ्यागत उभा. टेबलाशी चार अनोळखी माणसं, पण त्याची नजर मालकाच्या चष्म्यावरून हलली नाही. डॉक्टरांनी एक कागद दिला, कधी झोपला, कधी पळाला, कधी भुंकला याची वेळ लिहून ठेवायला. दुसऱ्या दिवशी तो कागद बघायला मिळाला. बँकेच्या शिस्तीतलं टपोरं अक्षर, '७.४० दूधवाला, भुंकला', '९.१५ सौ. देवळात गेल्या, दाराशी बसून', '१०.०५ सौ. आल्या, उड्या'. सौभाग्यवतींच्या देवळात जाण्यानं कुत्र्याच्या काळजावर काय परिणाम होतो, ते ठोक्या-ठोक्यानं कळणार होतं.

चोवीस तासांत खालच्या कप्प्यातून उठणारे अवेळी ठोके तीनशेच्या वर निघाले तर आजार आहे असं धरतात. पन्नासच्या वर गेले तरी संशय घेऊन पुन्हा तपासतात. डॉबरमन तीन वर्षांचा झाला की दर वर्षी या दोन्ही तपासण्या कराव्यात, असं हृदयरोग पाहणारे पशुवैद्य सांगतात. नुसतं इको केलं तर लयीचा बिघाड निसटतो, नुसतं होल्टर केलं तर कप्प्याचा फुगवटा दिसत नाही. जनुकीय चाचण्याही निघाल्या आहेत, पण त्या नकारार्थी आल्या म्हणजे कुत्रा सुटला असं नाही. या आजारात एकाहून अधिक जनुकं गुंतलेली आहेत.

लवकर सापडलं तर उपयोग आहे का? आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लक्षणं दिसण्याआधीच्या टप्प्यावरचे ७६ डॉबरमन घेतले होते. ज्यांना पिमोबेंडान हे औषध दिलं, त्यांना हृदय निकामी होण्यापर्यंत किंवा अचानक मृत्यू येईपर्यंत मध्यकानुसार ७१८ दिवस मिळाले. ज्यांना दिलं नाही त्यांना ४४१. जवळजवळ नऊ महिन्यांचा फरक, आणि तोही चालत्या-फिरत्या, खात्या-पित्या कुत्र्याचा. दहा-अकरा वर्षांच्या आयुष्यात नऊ महिने थोडे नव्हेत. औषध बरं करत नाही, मुदत वाढवतं. ते उपाशीपोटी, डॉक्टरांनी ठरवलेल्या मापानं द्यायचं असतं. माणसाच्या गोळ्यांच्या डब्यातून काढून द्यायचं हे काम नव्हे.

बाकीची निगा यामानानं सोपी आहे, तरी काही गोष्टी या जातीच्या म्हणून लक्षात ठेवाव्यात. रक्त गोठायला मदत करणारा एक घटक बऱ्याच डॉबरमनमध्ये जन्मतः कमी असतो. त्याला व्हॉन विलब्रांडचा आजार म्हणतात. नसबंदी किंवा दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया करण्याआधी डॉक्टरांना याची आठवण करून द्या, चाचणी करून घ्या. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा एर्लिकियाचा ताप रक्तातल्या प्लेटलेट पाडतो. हा ताप आणि तो जन्मजात दोष एकत्र आले की नाकातून सुरू झालेलं रक्त थांबता थांबत नाही. म्हणून पावसाळ्यात रोज रात्री कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात फिरवून गोचीड शोधायचे. केस आखूड असल्यानं डॉबरमनमध्ये ते चटकन हाताला लागतात, एवढी सोय निसर्गानं केली आहे. पार्व्होचा दणकाही या जातीच्या पिल्लांना जास्त बसतो. सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंतच्या लशींत एकही चुकवू नये.

छाती खोल असल्यामुळे पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. पोट डाव्या बाजूला टंब फुगतं, कुत्रा ओकायचा प्रयत्न करतो पण नुसती लाळ येते, बसवत नाही, उठवत नाही. अशा वेळी ओवा, सोडा, हिंग यांत तासभर घालवला तर कुत्रा गेला. रात्रीचे दोन वाजले असले तरी शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठायचा. रोजचं जेवण दोन वेळांत विभागून द्यावं आणि जेवल्यावर लगेच पळवू नये. जेवण म्हणजे दूध-चपाती किंवा दूध-भाकरी नव्हे. त्यावर कुत्रा जगतो, पण स्नायू धरत नाही. मांस, अंडी किंवा चांगलं तयार खाद्य लागतंच. शाकाहारी घरात हा कुत्रा आणण्याआधी घरच्यांची बैठक घेतलेली बरी. कांदा, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट पूर्ण वर्ज्य. दिवाळीच्या दिवसांत फराळाच्या ताटातला मनुके घातलेला लाडू मुलं प्रेमानं भरवतात, तिथं लक्ष ठेवा.

अंगावर चरबी आणि आतली लव नसल्यानं शहाबादी फरशीवर झोपून याच्या कोपरांना घट्टे पडतात, पुढे त्यात पाणी भरतं. जाड सतरंजी किंवा गादी द्यावी. नुसतं गोणपाट पुरत नाही. थंडी त्याला सोसत नाही आणि मे महिन्याची दुपारही. नर ६८ ते ७२ सेंटीमीटर उंच आणि ४० ते ४५ किलोंचा होतो. त्याला रोज दीड-दोन तासांचा व्यायाम लागतो, तो सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. मानेच्या मणक्यांचा त्रास या जातीत असल्यामुळे गळपट्ट्याला हिसडे देण्यापेक्षा छातीचा पट्टा बरा.

कान आणि शेपूट यांच्यावरून मात्र मला वाद घालायचा आहे. डॉबरमनचे कान जन्मतः लोंबते असतात, शेपूट लांब असते. ते उभे कान म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला भूल देऊन अर्धा कान कापायचा आणि मग आठवडेच्या आठवडे चिकटपट्ट्या बांधून ताठ करायचा, असा प्रकार आहे. ज्या जर्मनीत ही जात निर्माण झाली तिथं कान कापायला १९८७पासून आणि शेपूट कापायला १९९८पासून बंदी आहे. तिथल्या डॉबरमनला ओळखायचं कुणी थांबलेलं नाही. आपल्याकडे अजून 'कान नाही केले का?' असं मालकाला विचारतात, जसं काही बारसं राहून गेलं आहे. कानाच्या हालचालीवरून आणि शेपटीवरून कुत्र्याचं मन कळतं. राग, भीती, खेळ यांच्या खुणा कापून टाकायच्या आणि मग 'हा कधी काय करेल सांगता येत नाही' म्हणायचं, हा शहाणपणा नाही.

मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारनं तेवीस 'हिंस्र' जातींच्या विक्रीवर आणि पैदाशीवर निर्बंध आणणारं परिपत्रक काढलं होतं, एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. त्या यादीत रॉटवायलर होता, डॉबरमन नव्हता. सोसायटीच्या सभेत तरीही विषय निघतोच. कुत्रा पाळायला सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण महापालिकेचा परवाना, दर वर्षीची रेबीजची लस आणि लिफ्टमध्ये आखूड धरलेला पट्टा ही मालकाची बाजू आहे. ती नीट सांभाळली की शेजाऱ्यांची अर्धी तक्रार उरत नाही.

पिल्लू घ्यायचंच असेल तर त्याच्या आईबापांचे होल्टर आणि इकोचे अहवाल मागा, गेल्या वर्षभरातले, आणि आजी-आजोबा किती वर्षं जगले ते विचारा. विकणारा 'आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही' म्हणाला आणि कागद दाखवू शकला नाही, तर पैसे खिशात ठेवून परत या. आई प्रत्यक्ष पाहा. ती तुमच्याजवळ येऊन हुंगते की कोपऱ्यात दबून गुरगुरते, यावर पिल्लाच्या स्वभावाचा बराचसा अंदाज बांधता येतो. निळसर किंवा फिकट तांबूस 'दुर्मीळ' रंगासाठी जास्त पैसे मोजू नका. त्या रंगांत पुढे केस गळण्याचा आजार असतो. पांढऱ्या डॉबरमनच्या तर वाटेलाही जाऊ नका.

आणि फार्महाऊससाठी राखणदार हवा असेल तर चांगल्या पगारावर माणूस ठेवा, कुंपण नीट करा, कॅमेरे लावा. डॉबरमन त्या कामाचा नाही. ज्याच्या घरात दिवसभर कुणी ना कुणी असतं, ज्याला पहाटे उठायचा कंटाळा नाही आणि दर वर्षी हृदयाच्या तपासणीचा खर्च ज्याला जड जाणार नाही, त्यानंच तो आणावा, आणि आणल्यावर रात्री फाटकाच्या आत ठेवण्याऐवजी दाराच्या आत झोपवावा.